गयाबाईंच्या नावाचा रंग

जेवणानंतर कालिंदी जरा आडवी होते. पंखा गरगरतोय. डोळे मिटतात न मिटतात तोच दिगंबरभावजींचं बोलणं पुन्हा कानात घुमतं, "वहिनी, आईची शेवटची इच्छा होती. आज संध्याकाळी रंगारी येणार म्हणजे येणार!" गावातल्या जुन्या काळ्या दगडी शिवालयाला ऑइलपेंट! खांबांना गुलाबी, मूर्तींना पिवळा आणि वर पाटी, कै. गयाबाईंच्या स्मरणार्थ. अख्ख्या गावात नको म्हणणारी ती एकटीच.

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाते, तर ओट्याच्या जागी देवळाचा खांब उभा. त्याला टेकून सासूबाई लसूण सोलत बसल्यात. जाऊन वर्ष होत आलं, पण पदर अजून तसाच कमरेला खोचलेला.

"माझ्या रंगाला तू आडवी येतेस म्हणे?"

"येतेच."

"मेलेल्या माणसाची इच्छा मोडतेस?"

"मोडते. जिवंतपणी तुमचं कधी मुकाट ऐकलं का मी? मग आता काय म्हणून ऐकू?"

सासूबाई हसू दाबतात. "अगं, डोळे गेले होते माझे. काळ्या दगडात काळं काय दिसणार? म्हटलं, रंग दिला तर जरा तरी दिसेल."

कालिंदीला गलबलून येतं, पण मागे हटेल ती कालिंदी कसली. हात धरून ती त्यांना उठवते. पायाखाली देवळाची गार फरशी लागते. पायातला काटा काढणाऱ्या बाईच्या मूर्तीपाशी ती थांबते आणि मूर्तीच्या उचललेल्या, दिव्यांच्या तेलाकाजळीनं चिकटलेल्या तळपायावर म्हातारीची बोटं टेकवते.

"ही टाच. ही बोटं," सासूबाई चाचपत जातात. "आणि हे टोचतंय काय गं?"

"काटा. दगडातच कोरलाय, तांदळाएवढा."

सासूबाई पुन्हा पुन्हा बोट फिरवतात. "आणि रंग दिल्यावर?"

"दोन हात बसले की बुजला."

"मग दिगंबरला सांग, आई नको म्हणते. माझं नाव घालवायला निघालाय मेला!"

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर भांड. तुला का ते शिकवायला हवं?" त्या कालिंदीचा हात मूर्तीवर घट्ट दाबून धरतात.

दार वाजतं. कालिंदी उठून दार उघडते. रंगाचा डबा घेऊन दिगंबर उभा. "वहिनी, आता तरी आईच्या इच्छेआड येऊ नका."

ती आपल्या हाताकडे बघते. जेवल्यावर साबणानं धुतलेला हात, पण पाचही बोटं तेलानं आणि काजळीनं काळीकुट्ट झालीत. तोच हात दिगंबरच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर ठेवून ती त्याला बाजूला सारते आणि पायांत चपला सरकवते.

"आईंशी आत्ताच बोलणं झालंय, भावजी. तो डबा घेऊन चला माझ्याबरोबर. रंगारी परत पाठवायचेत."