बटाट्याची सुरुवात आणि शेवट

माझं लग्न बटाट्यांमुळे जमलं. मोडायलाही ते बटाट्यांमुळेच आलं होतं, पण ती हकीकत सांगायची मला घरात बंदी आहे. सध्या सौभाग्यवती माहेरी गेली आहे, तेवढ्यात उरकून घेतो.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी बुरोंडीचा. मुंबईहून सुटणाऱ्या एका आगबोटीच्या भटारखान्यात, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, तीन वर्षं नोकरीला होतो. कामं दोनच. सकाळी बटाटे सोलायचे आणि जेवणं झाली की भांडी घासायची. आता हे आईला कळवायचं कसं? तिला वाचता येत नव्हतं, म्हणून माझं पत्र शाळेचे मास्तर वाचून दाखवत. तेही ओटीवर बसून, खणखणीत आवाजात, आणि ऐकायला निम्मी वाडी! तेव्हा मी लिहिलं, 'माझ्यावाचून भटारखान्याचं पान हलत नाही.' (खोटं नव्हतं. बटाटे सोलल्यावाचून खरोखरच हलत नसे.) दुसऱ्या वर्षी लिहिलं, 'कप्तानसाहेब रोज माझ्या हातचं खातात.' (हेही खरं. बटाटा माझ्याच हातचा.) तिसऱ्या वर्षी मास्तरांनी पदरचं थोडं घातलं आणि मी आगबोटीचा मुख्य आचारी झालो.

मुख्य आचाऱ्याला मुली सांगून येऊ लागल्या. मी रजेवर आलो तेव्हा मामानं रत्नागिरीचं स्थळ काढून ठेवलंच होतं. मुलीचे वडील तात्या, उभा जन्म गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून काढलेले. मुलगी वत्सला. आई नाही, घरात तात्यांची विधवा बहीण. सगळे तिला आत्याच म्हणत. दाभोळहून बोटीनं मी आणि मामा रत्नागिरीला गेलो. हात हलवत कसं जायचं, म्हणून मी आमच्या खऱ्या आचाऱ्यानं दिलेला चीजचा डबा बरोबर घेतला.

वत्सला पाणी घेऊन आली. मी मान वर करून एकदाच बघितलं आणि मला ती पसंत पडली. इतकी पसंत पडली की पुढचं तात्यांचं बोलणं ऐकून मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"थोरलीच्या वेळी फसलो," तात्या म्हणाले. "जावई सांगी मी हेडक्लार्क. निघाला शिपाई. शिपाई असण्याचं काय नाय हो, पण खोटं बोलला. त्याला मी अजून उंबऱ्याच्या आत घेतलेला नाय. तेव्हा आमची अट एकच. माणूस खरा हवा."

"आमचा दत्ताराम म्हणजे खऱ्याचा पुतळा," मामा म्हणाला. मामानं पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं मानलं होतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

विषय बदलावा म्हणून मी घाईघाईनं डबा पुढे केला. "हे चीज. साहेब लोक खातात, दुधाचं असतं. ह्याचा बटाट्याबरोबर एक पदार्थ होतो. आतून मऊ, वरून कुरकुरीत. कप्तान बोटं चाटतो."

"वा! मग होऊन जाऊ दे. दुपारच्या जेवणाला," तात्या म्हणाले.

माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. त्या पदार्थाचा नि माझा तीन वर्षांचा संबंध, पण तो दोन टोकांना. सकाळी बटाटे सोलून मी टोपली आत सरकवत असे आणि जेवणं झाल्यावर करपलेलं भांडं माझ्यापुढे येत असे. सुरुवात मला पाठ होती, शेवटही पाठ होता. मधे काय घडतं ते एक आचारी जाणे.

"करायला काय, आत्ता केला असता," मी म्हणालो, "पण त्याला भट्टी लागते. वरून खालून आच हवी."

"आमी धोंडस काय आगबोटीवर जाऊन करतो?" आत्या आतून म्हणाली. धोंडस म्हणजे आमच्याकडचा काकडीचा गोड केकच. "टोपाखाली इंगळ, टोपावर परात, परातीत इंगळ. तुमी नुसतं सांगा, आच कशी हवी."

एक दार बंद झालं. मी दुसरं शोधलं. "शिवाय वर पावाचा चुरा घालावा लागतो. पाव तुमच्या घरात..."

"पाव ह्या घरात यायचा नाय," तात्या म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दाराआडून वत्सला पहिल्यांदाच बोलली, "पोह्याचे पापड भाजून चुरूया. ते पण कुरकुरीत होतात."

मुलगी हुशार होती. त्या क्षणी मला ती थोडी कमी हुशार चालली असती.

शेवटी दोन शेर बटाटे आणि विळी पुढे आली. विळी मी बाजूला सारली, खिशातला चाकू काढला आणि बसलो. आता तीन वर्षं जी गोष्ट रोज मणानं केली, ती करताना माणूस जरा रंगात येणारच! बटाट्यामागून बटाटा, साल कागदासारखी पातळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड. मामाचा ऊर भरून आला. तात्या पान चघळायचे थांबले. वत्सला दाराशी उभी राहून टक लावून बघत होती आणि मला वाटलं, भुलली.

मग सगळ्यांना ओटीवर घालवलं. "आचाऱ्याला एकांत लागतो," असं सांगून मी चुलीपुढे एकटा बसलो आणि मागच्या दारानं किनाऱ्यावर पोचायला किती वेळ लागेल याचा हिशेब करू लागलो. पण मागच्या दारात आत्या सुपारी कातरत बसली होती.

वत्सला इंगळ पेटवायला आत आली. "बटाटे सोललेत. पुढे?"

"पुढे ते घेऊन जातात," मी म्हणालो.

"कोण?"

मी साली गोळा करू लागलो.

ती चुलीकडे बघत हळूच म्हणाली, "इतकं सुरेख नि इतकं भराभर सोलणारा माणूस दिवसभर दुसरं काय करत नसणार. तुमी बटाटे सोलायला असता ना?"

"आणि भांडी घासायला," मी म्हणालो. बुडायचंच तर गुडघ्याएवढ्या पाण्यात कशाला बुडा? खरं सांगतो, तीन वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता ही ओरडेल, तात्या येतील आणि मी घरी जाईन.

ती ओरडली नाही. पदर खोचून समोर बसली. "ते भांडं घासताना तळाला काय चिकटलेलं असतं?"

"लोणी."

"कडेला?"

"दुधाची करपलेली साय. पण सायीपेक्षा घट्ट, खळीसारखी."

"म्हणजे दुधात पीठ असणार. कांदा?"

"पातळ चिरलेला. खालच्या थरात."

"बटाटा कसा चिकटतो? फोडी की चकत्या?"

"चकत्या. पण नखानं निघतात."

"म्हणजे आधी उकडून घेतात," ती म्हणाली आणि उठून आधण ठेवलं. मला माझ्या नोकरीचं इतकं महत्त्व कधी वाटलं नव्हतं.

चकत्या अर्धवट उकडल्या. टोपाला लोणी फासलं, कांदा-बटाट्याचे थर लावले, मिरपूड भुरभुरली, वर तांदळाचं पीठ लावून आटवलेलं दूध ओतलं. मग मी डबा फोडला आणि मागच्या दारातून आत्या ओरडली, "काय मेलं गो घरात?" (पडवीत तिचे स्वतःचे सुके बोंबील टांगलेले होते, त्याबद्दल अवाक्षर नाही!) ती नाकाला पदर लावून आली, चिमट्यानं डबा उचलला आणि थेट उकिरड्याकडे निघाली. मी मागे धावलो. माडाच्या आळ्यापर्यंत पोचल्यावर तो कसाबसा हाती लागला. परत येऊन पाहतो तर वत्सला तोंडात पदर कोंबून हसत होती.

चीज किसून पसरलं, त्यावर पापडाचा चुरा, वर परात, परातीत इंगळ. तेव्हा तिचं हसणं थांबलं.

"एक सांगते," ती म्हणाली. "पहिला घास घ्यायच्या आत तात्यांना खरं सांगा. मी सांगणार नाय. पण तुमी नाय सांगितलंत, तर मुलगा पसंत नाय एवढंच मी म्हणेन."

मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

तेवढ्यात मदतीला म्हणून मामा आला, आच कमी वाटते म्हणाला आणि सुपानं असा वारा घातला की परातीतल्या इंगळांनी पेट घेतला! झाकण काढलं तेव्हा मधोमध ताटलीएवढा काळा डाग, तळाचा अंदाज न केलेला बरा. पण कडेला सोनेरी कुरकुरीत थर, आणि खाली सगळं लोण्यासारखं मऊ.

पानं वाढली. मी म्हणालो, "तात्या, एक सांगायचं..."

"अहो, लाजतो तो," मामा म्हणाला. "ह्याला विचारल्याशिवाय कप्तान नांगर उचलत नाही."

"तसं नाही, तात्या, मी..."

"गोरे साहेब ह्याला वाकून सलाम करतात!"

तात्यांनी घास उचलला. दाराआड बांगड्या वाजल्या. मी डोळे मिटले. "मी आचारी नाही. मी बटाटे सोलतो. आणि भांडी घासतो."

मामाचा घास हातातच राहिला. तात्यांनी आपला तोंडात घातला, शांतपणे चावला, कुरकुर आवाज झाला. माझा सारा जन्म त्या आवाजावर टांगलेला होता.

"ते मला सकाळीच कळलं," तात्या म्हणाले. "मी दर्यात जन्म काढला हो. आचारी बटाटा असा सोलतो होय? आचारी अर्धा बटाटा सालीबरोबर फेकतो. तुमी कधी सांगताय, तेवढं बघत होतो. आणखी वाढा. केलाय कोणी?"

"सुरुवात माझी," मी म्हणालो. इतकं हायसं वाटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. "बाकी सगळं वत्सलेचं."

तात्यांनी आत हाक मारली, "काय गो, पसंत का मुलगा?"

आतून उत्तर आलं, "टोप करपलाय. घासायला या म्हणावं."

मी भरल्या पानावरून उठलो आणि माडाखाली बसून राखेनं तो टोप असा लखलखीत केला की आत्यानं त्यात तोंड बघून घेतलं. वैशाखात लग्न झालं. पुढे पाचव्या वर्षी बोटीवर मला बढती मिळाली आणि बटाटे सुटले.

घरी अजून मिळालेली नाही.