सावलीतला हौद

माझा मोठा भाऊ रंगारी. कापडाला रंग चढवणं हा त्याचा धंदा आणि चढलेला रंग उतरू न देणं हा त्याचा स्वाभिमान. रंगखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तो एक निळी चिंधी चोळायला लावतो, आणि हाताला रंग लागला नाही की लॉटरी लागल्यासारखा खूश होतो. कापडं वाळत घालायचं काम माझं. ती सावलीतच घालायची. जरा ऊन लागलं की दादाचा पारा चढतो.

त्याची लेक कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, आणि तिने विषय निवडला तो पाण्यातला रंग मोडायचा. बापाने जन्मभर चढवायचं आणि लेकीने उतरवायचं, असं मी तिला चिडवते. ती पेरूची पानं उकळते, त्या अर्कात जस्ताचा क्षार घालते आणि कॉलेजच्या भट्टीत भाजून झिंक ऑक्साइडची पांढरी पूड करते. कण इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत. पानं उकळायला तिने दुधाचं पातेलं पळवलं, म्हणून वहिनी अजून धुसफुसते. पण कॉलेजच्या गच्चीवर ग्लासभर निळं पाणी त्या पुडीने नितळ झालं होतं.

तेवढ्यात नोटीस आली. पुन्हा गटारात रंगीत पाणी दिसलं तर रंगखान्याला टाळं. तपासणीआधी मधे दोनच दिवस. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. लेक म्हणाली, आपल्या हौदातच करून बघू. सकाळी तिने सांडपाण्यात पूड टाकली, ढवळत राहा म्हणून बजावलं आणि कॉलेजला गेली. दादाने दिवसभर हौद सोडला नाही.

संध्याकाळी पाणी होतं तस्सं निळं. पोरीचे डोळे भरून आले. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, पण आपला रंग हटला नाही याचं कौतुकही त्याच्या चेहऱ्यावर होतंच. माझ्यापासून काय लपणार?

"बाबा, दुपारी ऊन चांगलं होतं ना?" तिने विचारलं.

"ऊन? कवडसासुद्धा पडू दिला नाही मी. तुझी पूड खराब झाली असती म्हणजे?"

दिवसभर हौदावर ताणलेली ताडपत्री त्याने नुकतीच घडी करून ठेवली होती. पोरगी बघतच राहिली, मग पोट धरून हसायला लागली. ती पूड रंग मोडते तीच उन्हाच्या जोरावर. गच्चीवर ऊन असायचंच, त्यामुळे ते वेगळं सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाने डोक्याला टॉवेल गुंडाळून भर उन्हात ढवळलं. निळं आकाशी झालं, आकाशी फिकट झालं. संध्याकाळी पूड खाली बसली आणि हौदाच्या भिंतींवरच्या विटा दिसायला लागल्या. इतकी वर्षं तिथे वावरते, पण पाण्याखालच्या विटा मी पहिल्यांदाच पाहिल्या. आम्ही तिघं हौदाच्या काठावर वेड्यासारखे हसत बसलो.

सकाळी तपासणीचे साहेब आले. बाटली भरून उजेडात धरली आणि संशयाने विचारलं, नळाचं पाणी तर भरून ठेवलं नाही ना. मला वाटलं, दादा आता भडकणार. पण त्याने लेकीला हाताला धरून पुढे आणलं.

"रंग माझाच होता साहेब, एकदम पक्का. हिने उतरवला."