पाणी आणायला गेलेले भाऊ

सबंध खानदेशात गैरहजर ठरवायला सर्वांत अवघड माणूस कोण, असं मला कोणी विचारलं, तर मी डोळे मिटून जळगावच्या होस्टेलातल्या माझ्या खोलीबंधूंकडे बोट दाखवीन. भाऊ एखाद्या जागी आहेत की नाहीत हे बघावं लागत नसे, ते ऐकू येत. अंगापिंडानं दाराच्या चौकटीला पुरून उरणारे, आणि आवाज केळीच्या बागेच्या या टोकावरून त्या टोकाच्या मोटरवाल्याला हाका मारमारून कमावलेला. हजेरीच्या वेळी आम्ही बाकीचे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचो. भाऊ उभे राहून ‘हजर सर’ म्हणत, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या सरांचा खडू थांबायचा. बारावीनंतर काही वर्षं शेतीत गेल्यामुळे ते आमच्यापेक्षा वयानं बरेच मोठे होते. त्यामुळे अख्खं होस्टेल त्यांना भाऊ म्हणे, आणि पुढेपुढे एकदोन प्राध्यापकही म्हणू लागले.

मी पिंपळनेरचा, अहिराणीत वाढलेला. ते रावेरकडच्या खेड्यातले. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांशी क्रमिक पुस्तकातल्या मराठीत अदबीनं बोलत होतो. एकदा मी झोपेत ‘सगळा’ला ‘बठ्ठा’ म्हणालो, ते ऐकून भाऊ पोट धरून हसले आणि तेव्हापासून आमचं जमलं. त्यांना गावच्या हायस्कुलात मास्तर व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. घरी ट्रकच्या ट्रक केळी जात होती, नाना म्हणजे त्यांचे वडील हिंडतेफिरते होते, पण भाऊंचा जीव फळ्यात अडकलेला. आधी बी. ए., मग बी. एड., मग शाळा, असा त्यांचा सरळ रस्ता ठरलेला होता. शाळा मिळेपर्यंत हात बसलेला असावा म्हणून ते आम्हालाच शिकवत. स्टोव्हला पिन कशी मारावी हेसुद्धा ते उभं राहून, पट्टी हातात घेऊन सांगत, आणि शेवटी ‘कोनाले काही शंका?’ असं विचारत. शंका विचारली नाही तर स्वतःच एक काढत आणि तिचं निरसन करत.

विद्यापीठावर मात्र त्यांची आंधळी भक्ती. आम्ही सारे पहिल्या सहामाहीतच निवलो होतो. जो अभ्यासक्रम निम्मा शिकवून झाला तो बदलल्याचं परिपत्रक येई, बदललेला निम्मा झाला की जुनाच कायम असल्याचं दुसरं येई. निकाल कधी लागेल हे विचारणं म्हणजे पाऊस कधी पडेल हे विचारणं. भाऊ म्हणत, एवढं मोठं विद्यापीठ आहे, काहीतरी विचार करूनच करत असतील. अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची नावं छापलेली असतात. ती वाचण्यासाठी असतात असं मानणारा विद्यार्थी मी एकच पाहिला. भाऊ दर सोमवारी ग्रंथालयात जाऊन त्यातलं एकेक पुस्तक मागत आणि ग्रंथपाल दर सोमवारी ते बाइंडिंगला गेल्याचं सांगत. शेवटी कंटाळून त्यांनी मधमाशीपालनावरचं एक पुस्तक भाऊंच्या हातात ठेवलं. भाऊंनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं आणि मलाही समजावून सांगितलं.

विषय अर्थशास्त्र होता, पण भाऊंच्या हाती पडला की कोणताही सिद्धान्त केळीच्या बागेत शिरे. मागणी म्हणजे दिल्लीचा व्यापारी, पुरवठा म्हणजे रावेरची बाग, आणि मधली गडबड म्हणजे रेल्वेच्या वाघिणी वेळेवर न मिळणं. घटत्या उपयोगितेचा नियम त्यांना अजिबात मान्य नव्हता. पहिल्या केळ्यापेक्षा दुसरं कमी गोड लागतं, तिसरं त्याहून कमी, असं सर सांगत असताना त्यांनी उभं राहून हरकत घेतली की हे लिहिणाऱ्यानं आमच्याकडची बसराई केळी खाल्लेली नाहीत. सरांनी त्यांना बसायला सांगितलं. तेही खाली बसले, पण पटलं नाही ते नाहीच.

शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलच्या अखेरीस आली. जळगावच्या एप्रिलबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी भोगला त्यांना माहीत आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या पेपरला पंखे बंद पडलेले, व्हरांड्यातला माठ कोरडा आणि माठ भरणारा शिपाई लग्नाला गेलेला. अर्ध्या तासात मागच्या बाकावरचा एक मुलगा डोळे पांढरे करू लागला. आमच्या हॉलवरचे सर नवे होते, हंगामी, दर वर्षी नव्यानं नेमणूक व्हायची अशातले. ते घाबरून इकडेतिकडे पाहू लागले आणि त्यांची नजर, सगळ्यांची जायची तशी, भाऊंवर गेली. त्यांनी भाऊंना पाणी आणायला सांगितलं. भाऊंनी लिहिता पेन ठेवला, उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि माठ खांद्यावर घेऊन ते थेट होस्टेलच्या हौदाकडे निघाले. नेमक्या त्याच वेळी वरिष्ठ पर्यवेक्षक सह्या घेत आले. भाऊंचं बाक रिकामं. त्यांनी विचारलं, हा कुठे आहे? परीक्षार्थ्याला मीच बाहेर पाठवलं, हे सांगायला सरांची जीभ उचलली नाही. वरिष्ठांनी भाऊंच्या सहीच्या रकान्यात लाल रेघ मारली आणि ते पुढच्या हॉलला गेले. मग भाऊ आले, आम्हा सगळ्यांना पेला भरभरून पाणी पाजलं, स्वतः प्यायले, उरलेला पेपर लिहिला आणि देऊन आले.

निकाल उन्हाळ्यात लागायचा, तो थंडीत, भरिताच्या दिवसांत लागला. नानांनी निकालाच्या दिवशीच गावजेवण मांडलं होतं. केळीच्या धंद्यात बाग उभी बघून सौदा होतो, घड कापायची कोणी वाट बघत नाही. मुलगा तीन वर्षं सुट्टीतही अभ्यास करताना नानांनी डोळ्यांनी पाहिला होता, मग कागद कशाला बघायचा? कॉलेजच्या बोर्डावरचा निकाल पाहून मी दुपारच्या एस. टी.नं त्यांच्या गावी पोचलो तेव्हा खळ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती, लाकडी बडगीत मिरच्या-लसूण कुटला जात होता, आणि हायस्कूलचे हेडमास्तर पहिल्या पंगतीला येऊन बसले होते. मी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की सगळ्या पेपरांत पास आहात, अर्थशास्त्राच्या दुसऱ्यात तेवढे गैरहजर आहात. ते कधी नव्हे ते अगदी हळू आवाजात बोलले.

“मी तं तठी व्हतो ना?”

“होता, भाऊ. तुमच्या हातचं पाणी प्यायलो मी.”

नानांपर्यंत बातमी गेली. नाना वांगी उतरवत म्हणाले, “वांगे भाजून झाले. त्याईचा काय गुन्हा? बसा पंगतीले.” भरीत नेहमीसारखंच झणझणीत झालं होतं. भाऊ स्वतः वाढत होते, आग्रह करत होते, आणि हेडमास्तरांच्या ताटात त्यांनी इतक्या पुऱ्या वाढल्या की त्यांना नाही म्हणायलाही जागा उरली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं विद्यापीठात गेलो. खानदेशाला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, आमचं फार लांब होतं, एस. टी.त अंगाची पार घडी व्हायची. भाऊंनी ते पहिल्यांदाच पाहिलं. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांपाशी त्यांनी चपला काढल्या. मी कोपरानं ढोसलं तेव्हा पुन्हा घातल्या. कोणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही ही घरची शिकवण, म्हणून त्यांनी पोत्यात केळीच्या फण्या आणल्या होत्या, आणि त्या हिरव्यागार. पिकलेली केळी प्रवासात काळी पडतात, शहाणा माणूस कच्चीच नेतो, एवढं केळीवाल्यांत पोरासोरांनाही ठाऊक असतं. विद्यापीठात ते ठाऊक नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं फणी हातात घेऊन विचारलं की ही भाजीची का? भाऊंनी खिडकीत डोकं घालून केळी पिकवण्याची पद्धत सुरुवातीपासून समजावली आणि कोणाला काही शंका आहे का तेही विचारलं. मागची रांग चांगलीच खवळली. कारकून मात्र खूश झाला. त्यानं आत जाऊन कपाटं धुंडाळली आणि बऱ्याच वेळानं घाम पुसत येऊन सांगितलं, “पेपर आहे. तपासलेला आहे, पासही आहे. पण तुम्ही नाही.”

उपाय त्यानंच सुचवला. परीक्षार्थी सहीच्या वेळी आपल्या परवानगीनं बाहेर होता, असं हॉलवरच्या पर्यवेक्षकांनी दोन ओळींत लिहून द्यायचं, काम झालं. मी आनंदानं भाऊंच्या पाठीवर थाप मारली. आम्ही परतीची एस. टी. धरली. अहमदनगरच्या स्टँडवर चहा घेताना मी म्हणालो की उद्या सकाळीच सरांना गाठू.

“त्याईची नोकरी कच्ची आहे,” भाऊ म्हणाले. “त्याईनं लिहून दिलं तं पुढल्या साली त्याईले कोनी घेईन का? पानी आपुन आपल्या मनानं आनलं. असं धर.”

मी दोन्ही जिल्ह्यांच्या बोलींत त्यांना शिव्या घातल्या. यंदाचे बी. एड.चे प्रवेश बुडतील, म्हणालो. हायस्कुलात रिकामी होणारी जागा भरली जाईल, म्हणालो. ते सगळं त्यांना माझ्याआधीच कळलेलं होतं. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला आणि विद्यापीठाची बाजू घेत म्हणाले की एवढ्या पोरांत एखादा दिसायचा राहून जातो, त्याचं काय मनावर घ्यायचं. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता, आणि आजही तो पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या वर्षी ते त्या एका पेपराला पुन्हा बसले आणि पास झाले. तो निकाल मात्र बी. एड.चे प्रवेश आटोपल्यावर लागला. हायस्कुलातली जागा तोवर भरली होती. पुढच्या पावसाळ्यात नानांनी अंथरूण धरलं आणि बाग भाऊंच्या गळ्यात पडली. हंगामी सर यथावकाश कायम झाले. त्यांच्या घरी दर हंगामात हिरव्या फण्या पोचत, आणि त्या का येतात हे त्यांना नक्की कळत असणार.

नव्वदीनंतर मी धुळ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागलो. एका हिवाळ्यात वर्गाला घेऊन केळीची बाजारपेठ दाखवायला रावेरला गेलो. मुलं एस. टी.तून उतरली तीच कुरकुरत. मागल्या परीक्षेच्या गुणपत्रिका अजून आल्या नव्हत्या आणि त्यांचं विद्यापीठावरचं मन पुरतं उडालं होतं. भाऊ बागेच्या बांधावर उभे होते. केस पिकले होते, आवाज तोच. त्यांनी आधी प्रत्येकाचं नाव, गाव विचारलं, मग एका मुलाची पट्टी मागून घेतली आणि भरत असलेल्या ट्रकपाशी उभं राहून बाजारभाव कसा ठरतो ते सांगायला सुरुवात केली. मध्येच ते भरकटले, एक आकडा चुकले, मुलं हसली, तेही हसले, आणि शंकांना तोटा राहिला नाही. ज्या मुली माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत त्या पुढे सरकून उभ्या होत्या. ट्रक भरून झाला, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, तरी त्यांचा तास संपेना. मी घड्याळ दाखवलं तेव्हा कुठे त्यांनी पट्टी परत केली.

मुलं केळी खायला पांगल्यावर भाऊ माझ्याजवळ आले. हात उपरण्याला पुसत त्यांनी विचारलं, “खरं सांगजो. मास्तर म्हनून चाललो असतो ना मी?”

“चालला असता, भाऊ,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग त्यांना आठवलं की मागे उभ्या असलेल्या एका मुलीची शंका राहून गेली आहे, आणि ते तिला शोधायला गेले.