मनकवडे आणि भाकिताची पेटी

गल्लीत त्यांना सगळे मनकवडेच म्हणत. टोपणनाव इतकं चिकटलं होतं की पोस्टमनही जिन्याखालून तीच हाक मारी. परक्या माणसाच्या मनातलं आधीच ओळखायचं, हा त्यांचा धंदा. टेबलावर बंद पेटी असायची. प्रेक्षकांतला कुणी मनातली वस्तू मोठ्याने सांगायचा आणि पेटी उघडली की चिठ्ठीवर तेच लिहिलेलं निघायचं.

चिठ्ठी लिहायची त्यांची बायको. पडद्याआड स्टुलावर बसून ती ऐकायची, भराभर लिहायची आणि पेटीच्या मागच्या फटीतून आत सरकवायची. तोवर मनकवडे लोकांना बोलण्यात गुंतवायचे. तीसेक वर्षं दोघांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तीच म्हणायची.

ती गेली आणि कार्यक्रम बंद पडले. धंद्यातल्या लोकांनी सुचवलं, की पडद्यामागे दुसरं कुणीतरी बसवा. मनकवडे एवढे भडकले की पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

मग जादूच्या सामानाचा दुकानदार एक दिवस घरी येऊन टेबलावर इलेक्ट्रॉनिक पेटी ठेवून गेला. आत छोटं छपाईयंत्र होतं, आणि खिशात मावेल असा रिमोट. खिशातल्या खिशात अंगठ्याने अक्षरं दाबायची, की पेटीत चिठ्ठी तयार. आठवडाभर वापरून बघा आणि खरं मत द्या, मनकवड्यांनी पास केलं म्हटलं की बाकीचे डोळे झाकून घेतील, असं तो म्हणाला. मनकवड्यांचाही स्वार्थ होताच. रविवारी एका सभागृहाने त्यांचा कार्यक्रम मागितला होता. पेटी जमली तर उभं राहायचं, नाहीतर सगळं सामान विकून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तपासणीत त्यांनी कसूर ठेवली नाही. पेटी स्वयंपाकघरात ठेवून बाहेरच्या खोलीतून दाबून पाहिलं, बंद दारामागून पाहिलं, जाड कोट घालून पाहिलं. यंत्र चुकेना. अक्षर हाताने लिहिल्यासारखं यायचं, फक्त जरा जास्तच शहाण्या मुलासारखं. छापताना घरघर व्हायची. सभागृहात ती कुणाला ऐकू गेली नसती. या घरात मात्र ती शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू यायची, कारण दुसरा आवाजच नव्हता. आपणच वस्तू मनात धरायची, आपणच दाबायची, आणि आपणच पेटी उघडून वाचायची. चिठ्ठी बरोबर निघाली की ते वर बघत, आणि समोरची खुर्ची रिकामी असे. तेव्हा त्यांना फार एकटं वाटे.

शेवटी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणताईंना वर बोलावलं. शिलाई अर्धवट टाकून त्या गळ्यात टेप तसाच ठेवून आल्या. कुठलीही वस्तू मनात धरा आणि सांगा, असं मनकवड्यांनी सांगितलं. त्या जरा लाजल्या आणि म्हणाल्या, शिट्टी.

मनकवड्यांच्या अंगात जुना रुबाब संचारला. "क्षणभर डोळे मिटा," ते म्हणाले आणि सवयीने थांबले. मग झोकात पेटी उघडली. कागद कोरा होता.

यंत्राची चूक नव्हती. हात खिशात होता, पण अंगठा हललाच नव्हता. 'डोळे मिटा' म्हटलं की पडद्यामागे पेन चालू लागायचं. आपण ते वाक्य म्हणून तिचं लिहून व्हायची वाट बघत उभे होतो, हे त्यांना कळलं आणि ते खुर्चीत बसले.

ताईंना वाईट वाटलं. होतं असं, पुन्हा करा, असं म्हणून त्यांनी दुसरी वस्तू सांगितली, शिडी. या वेळी चिठ्ठीवर 'शिडी' निघाली. ताई थक्क झाल्या.

"काका, हे तुम्हाला आधी कळतं तरी कसं?"

या प्रश्नाला फक्त हसायचं, हा धंद्याचा नियम. मनकवडे हसले नाहीत.

"कळत नाही हो. ती लिहायची. प्रत्येक कार्यक्रमाला पडद्यामागे तीच असायची."

ताईंनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला.

"काकू? आम्ही कितीदा म्हटलं, एकदा बरोबर चला काकांचे खेळ बघायला. तर म्हणायच्या, मला नाही बाई त्यात गोडी, मी तेवढा वेळ बहिणीकडे जाते." त्यांनी मान खाली घातली. "आम्ही पाठीमागे बोलायचो, काका. नवरा एवढा नावाजलेला आणि हिला मेलीला कौतुक नाही म्हणून. त्यांच्या कानावरही गेलं असणार."

घरी येऊन ती यातलं अवाक्षर बोलली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाची मनं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोला गल्लीत काय ऐकून घ्यावं लागतं, ते कधी कळलं नव्हतं. मनकवडे लहान मुलासारखे रडले आणि ताईंनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला फोन करून पेटी अव्वल आहे, खुशाल विका, असं मत दिलं. स्वतःसाठी मात्र नको म्हणाले. रविवारचा कार्यक्रम त्यांनी घेतला. सभागृह भरलं होतं. मनकवड्यांनी टेबलामागचा पडदा बाजूला केला, आतलं स्टूल उचलून सगळ्यांना दिसेल असं पुढे आणून ठेवलं आणि म्हणाले, "आधी इथे कोण बसायचं ते सांगतो."