कुंपणापलीकडची लेक

अनारकान लग्न होऊन आमच्या डोंगरातल्या आत-बाशी गावाला आली, तेव्हा मी इथल्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. तिच्या घराच्या एका अंगाला आमचं घर, दुसऱ्या अंगाला तिच्या थोरल्या दिराचं. दोघा भावांच्या अंगणांमध्ये फळ्यांचं कुंपण होतं, पण त्यातल्या दोन फळ्या कायमच्या निघालेल्या. दिवसातून वीसदा इकडून तिकडे जायचं, वळसा कोण घालणार?

तिचा नवरा कादिर ट्रॅक्टर चालवायचा. कमी बोलणारा, पण मायाळू. दोघांचं चांगलं जमलं. मूल मात्र होईना. दुसऱ्या वर्षी सासू विचारू लागली. डॉक्टर झाले, पवित्र झऱ्यावरच्या झुडपाला नवसाच्या चिंध्या बांधून झाल्या. पाचव्या वर्षी सासूने विचारणंच सोडलं.

"विचारायची तेव्हा राग यायचा," अनारकान मला म्हणाली, "आता विचारत नाही, ते जास्त लागतं हो ताई."

आणि पलीकडे बुरुलचा, तिची थोरली जाऊ. सात वर्षांत चार मुलं. मोठ्या आवाजाची, सदा कुणाच्या तरी नावाने ओरडणारी बाई. कुंपणावरून हाक मारायची, "अगं अनारकान, यातलं एखादं ने गं उचलून! डोकं उठवलंय मेल्यांनी!"

अनारकान हसायची आणि आत जायची. थंडीत पलीकडच्या दोरीवर मोजे वाळत असायचे, गोठून लाकडासारखे झालेले. ती ते मोजायची. गाईंची धार काढून झाली तरी गोठ्यात रेंगाळायची, जावेचं ओरडणं ऐकत. "मला ओरडायला कुणी नाही," म्हणायची. बुरुलचाकडे नवीन पातेलं आलं, नवा गालिचा आला, तर हिला त्याचं काही नसायचं. पण बुरुलचाच्या झग्यावर खांद्याशी पोराच्या दुधाचा डाग दिसला, की हिचा दिवस नासायचा.

आठव्या वर्षी बुरुलचाच्या दुसऱ्या मुलाची छाती भरली. त्याला रजईत गुंडाळून नारिन शहरातल्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस पलीकडच्या घरातून आवाज नाही. अनारकानने दोन्ही घरांच्या गाईंच्या धारा काढल्या, बाकीच्या तीन मुलांना जेवू घातलं, अंघोळी घातल्या. पोरगा वाचला. बुरुलचा परत आल्यावर तिने अनारकानला मिठी मारली आणि गावभर सांगत सुटली की अशी जाऊ कुणाला मिळायची नाही. ते ऐकताना अनारकानचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. तेव्हा कारण कळलं नाही.

पुढच्या वर्षी बुरुलचाला पाचव्यांदा दिवस गेले. एके दिवशी सगळे चहाला बसलेले असताना सासूने सांगून टाकलं, "हे मूल अनारकानचं."

आमच्यात मूल नसलेल्या नातलगाला असं देतात, त्यात नवल नाही. बुरुलचा बोरसोक तळायला कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"न्या की," ती म्हणाली. "मला आहेत चार."

मुलगी झाली. चाळिसाव्या दिवशी तिच्या अंगावर चाळीस चमचे पाणी घातलं, शेजारपाजारच्या चिंध्या जोडून शिवलेलं झबलं घातलं, आणि बुरुलचाने आपल्या हातांनी तिला अनारकानच्या ओटीत ठेवलं. "घे बाई, आता तू ओरड!" म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. नंतर तीन आठवडे ती भर उन्हाळ्यात छातीवर जाड शाल घेऊन हिंडत होती. तिचं दूध आटत नव्हतं.

मुलीचं नाव बेगिमाय. अनारकानने तिला तळहातावर वाढवलं. कधी ओरडली नाही. आणि मुलगी रांगायला लागल्यावर एका सकाळी तिने स्वतः हातोडा घेऊन कुंपणाच्या त्या दोन फळ्या ठोकून टाकल्या.

"हे कशाला?" कादिरने विचारलं.

"वारा येतो."

वारा कुंपणाच्या वरून येतच होता.

आता दोरीवर छोटे मोजे इकडे होते आणि खिडकीशी उभी बुरुलचा होती. अनारकान उंबऱ्यावर बसून बेगिमायच्या वेण्या घालायची, तेव्हा पलीकडे पडदा हलायचा. अनारकानला ते दिसायचं. ती मुलीला घेऊन आत जाऊन बसायची.

बेगिमाय सात वर्षांची झाली आणि माझ्या वर्गात आली. एका दुपारी रंगीत पेन्सिलीवरून भांडण झालं आणि दुसरी मुलगी फणकारली, "जा ना तुझ्या खऱ्या आईकडे! तिला नको होतीस म्हणून दिली तुला!" मी पुढे झाले, पण शब्द निघून गेला होता. बेगिमाय रडली नाही. पेन्सिल खाली ठेवली.

घरी जाऊन तिने विचारलं. अनारकानला खोटं बोलता आलं असतं. तिने खरं तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बेगिमाय सरळ बुरुलचाच्या दारात गेली. आत चार भावंडं एका परातीभोवती मारामाऱ्या करत जेवत होती. कुणीतरी सरकून जागा केली, ती बसली. त्या रात्री परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी अनारकानकडे गेले, तेव्हा कादिर दारात टोपी घालून उभा होता. "जाऊन घेऊन येतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर दिली आहे त्यांनी. माझी आहे ती."

"ती काय वासरू आहे, दावं धरून आणायला?" अनारकान म्हणाली. "बस खाली."

तो बसला नाही. ट्रॅक्टरकडे निघून गेला. तेवढ्यात बुरुलचाच आली, वळसा घालून, रस्त्याने. डोक्याचा रुमाल वाकडा झाला होता.

"मी बोलावलं नाही तिला," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "पोरांची शपथ."

"ठाऊक आहे मला."

"मग परत पाठवू?"

"ती येते म्हणाली?"

बुरुलचाने मान हलवली. नाही.

अनारकानने तिच्यासमोर चहाची वाटी ठेवली. मी उठायला लागले, तर म्हणाली, "बसा ताई, तुम्हीही ऐका. जाऊबाई, तुमच्या पोराला नारिनला नेत होतात ना, तेव्हा माझ्या मनात आलं, आता कळेल हिला. एवढंच. मग मी गोठ्यात जाऊन स्वतःच्या तोंडात मारून घेतली. आणि तुम्ही गावभर माझं कौतुक करत फिरलात."

मला वाटलं आता बुरुलचा वाटी भिरकावणार. पण तिने वाटी दूर सारली.

"तू तिच्या वेण्या घालायचीस ना," ती म्हणाली, आणि एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं, "तेव्हा मी रोज म्हणायचे, हिची बोटं झडोत. सात वर्षं म्हणत आले."

दोघी रडल्या. मिठी वगैरे मारली नाही. चहा निवून गेला.

बुरुलचा गेल्यावर अनारकानने बेगिमायचे कपडे पेटीतून काढले. एकेक घडी घातली, फाटलेल्या कोपराला तिथल्या तिथे ठिगळ लावलं, आणि गाठोडं स्वतः पलीकडे नेऊन दिलं. परत येताना हातोडा आणून त्या दोन फळ्या काढल्या.

मुलगी येत-जात राहिली. अनारकानला 'धाकटी आई' म्हणू लागली. कधी रोज यायची, कधी महिना महिना नाही. न यायच्या दिवसांत अनारकान तीन माणसांचा चहा ओतायची आणि तिसरी वाटी कादिर मुकाट्याने पिऊन टाकायचा. वर्षभर असंच चाललं. मग हळूहळू ती दोनच वाट्या मांडू लागली. उन्हाळ्यात कादिरबरोबर वरच्या कुरणावर जाऊ लागली. इतकी वर्षं ती तिकडे गेली नव्हती, कुंपणापासून लांब जाववत नव्हतं म्हणून.

दोन वर्षांनी अनारकानची नारिनला राहणारी नणंद आली. तिच्या शेजारच्या एका पोरीला लग्नाआधी मूल झालं होतं, घरच्यांना ते द्यायचं होतं. "मुलगी आहे, गोरीपान," नणंद म्हणाली. "आई लांबची, कुणी परत मागायला येणार नाही. तू फक्त हो म्हण."

कादिर जागच्या जागी चुळबुळला. त्याला हवं होतं, मला दिसलं.

अनारकानने त्याच्याकडे पाहिलं. "कादिर, तुला हवं असेल तर सांग. मी वाढवीन."

तो खूप वेळ टोपी फिरवत बसला. "तुझं काय?" म्हणाला.

"मला मूल हवंच आहे," ती म्हणाली. "मरेपर्यंत हवं असेल. बुरुलचाचं घर बघून अजूनही पोटात तुटतं. पण ते तुटणं आता सवयीचं झालंय, त्याच्यासकट मला जगता येतं. आणखी एका आईला खिडकीत उभं करून मला नाही जगता यायचं."

"ती लांब आहे गं, नारिनला!" नणंद म्हणाली.

"खिडक्या नारिनलाही असतात."

कादिरने टोपी डोक्यावर घातली. "नको मग," म्हणाला, आणि बहिणीच्या चहासाठी सामोवारमध्ये पाणी भरायला उठला.