एलिफंट अँड कासलचा भोंडला

वैजूताईबरोबर कुठे जायचं म्हणजे वेळेवर पोचायची आशा घरीच ठेवून निघायचं. बसस्टॉपवरची म्हातारी, तिकीट तपासणारा, फुलं विकणारी, सगळ्यांशी हिचं बोलणं. मी पुण्याची. मला अनोळखी माणसाशी बोलायला कारण लागतं. ही नागपूरची, हिला न बोलायला कारण लागतं.

वैजयंती बोकारे तिचं नाव. नागपुरात नर्सिंग करून ती ऐन तारुण्यात लंडनला आली आणि दक्षिण लंडनमधल्या एका सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये रमली. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. मी नवऱ्याच्या वर्क व्हिसावर लंडनजवळच्या मेडनहेडला आलेली, कागदोपत्री ‘डिपेंडंट’, त्यामुळे आधीच चिडलेली. पंगतीत शेजारी बसलेल्या या बाईला मी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" ती खणखणीत आवाजात म्हणाली, "लोकांना एचआयव्ही आहे का ते बघते. वरण वाढा हो काकू, घट्ट वाढा." काकूंचा हात पळीसकट हवेतच राहिला. मला इतकं हसू आलं की ठसका लागला, आणि त्या दिवसापासून ती माझी वैजूताई झाली.

तिचा जीव मात्र अडकला होता क्लिनिकजवळच्याच एलिफंट अँड कासल नावाच्या वस्तीत. तिथल्या शॉपिंग सेंटरभोवती कोलंबियाचे, बोलिव्हियाचे, इक्वेडोरचे लोक रविवारी जमायचे. आठवडाभर पहाटे उठून लंडनची ऑफिसं पुसायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी पुन्हा दुसरी ऑफिसं. क्लिनिक उघडं असताना ही माणसं एकतर कामावर नाहीतर झोपेत. शिवाय कुणाच्या व्हिसाचं भय, कुणाला इंग्रजीचं. हिने संध्याकाळच्या क्लासला जाऊन स्पॅनिश शिकून घेतलं. बोलायची अस्सल नागपुरी हेल काढून, पण बोलायची धडाधड.

तरी तपासणीला कोणी येईना. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, पंधरावीस मिनिटांत उत्तर, फुकट. दर रविवारी ती बाजारात टेबल मांडून बसायची. लोक दुरून हात करायचे, गालाचा पापा घ्यायचे, अरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी खायला घालायचे, पण टेबलाशी खुर्चीत बसायचं नाव नाही. एकदा एक गृहस्थ अगदी गंभीर चेहऱ्याने खुर्चीत येऊन बसले. वैजूताईने घाईघाईने हातमोजे चढवले, तर त्यांनी विचारलं, टॉयलेट कुठेय?

"भीती आजाराची नाही गं," ती मला म्हणाली. "भीती ग्लॅडिसची आहे."

ग्लॅडिस म्हणजे टेबलासमोरच्या हेअर सलूनची मालकीण. हातात कात्री, नजर बाहेर. वैजूताईच्या खुर्चीत कोण किती वेळ बसलं हे संध्याकाळच्या आत बोगोटापर्यंत पोचायचं, फोनकार्डं स्वस्त होती ना! आपल्याकडेही असते की अशी एक प्रत्येक सोसायटीत. तिला टाळायला माणसं औषधाच्या दुकानातसुद्धा मागच्या दाराने जातात.

२००७ च्या नवरात्रात मी मेडनहेडला आमच्या हॉलमध्ये भोंडला केला. पाटावर हत्ती काढला, भोवती फेर धरला, आणि शेवटी खिरापत ओळखायची वेळ आली. माझी नेहमीची शिस्त: डबा आतल्या खोलीत, एकेकीने आत जायचं, दार लावायचं, डबा कानाशी हलवायचा, वास घ्यायचा, पण उघडायचा नाही. बाहेर येऊन ओळखायचं. बायका किंचाळत होत्या, भांडत होत्या, पुन्हा आत जायला मागत होत्या. आणि कोपऱ्यात वैजूताई गप्प उभी. वैजूताई गप्प! मला वाटलं, हिला बरं वाटत नाही.

"सुचेता," ती शेवटी म्हणाली, "ही बाई आत किती वेळ होती, काय करत होती, कुणी पाहिलं का?"

"डबा हलवत होती. दुसरं काय करणार?"

"तेच तर! मला हा भोंडला एलिफंटला पाहिजे. पुढच्या रविवारी."

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. पण तिच्यापुढे आजवर कुणाचं चाललंय! तिने क्लिनिकच्या मॅनेजरबाईंना हत्ती, फेर आणि डबा समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, याला काही एव्हिडन्स आहे का? ही म्हणाली, आमच्या आज्या-पणज्या सगळ्या एव्हिडन्सच आहेत. मॅनेजरबाई हो म्हणेपर्यंत ती उठलीच नाही.

चर्चचा एक हॉल मिळाला. बायकांना तिने आधीच स्पष्ट सांगून ठेवलं: आतल्या खोलीत डबा असेल आणि मीही असेन. ज्यांना टेस्ट हवी त्यांची करीन, ज्यांना नको त्यांनी माझ्याशी गप्पा मारायच्या. प्रत्येकीला दोनदा आत जायला मिळेल, एकदा टोचायला, एकदा उत्तर ऐकायला. कोण कशाला गेली, ते फक्त तिला आणि मला ठाऊक.

खिरापत माझ्याकडे. मी ओल्या नारळाच्या करंज्या करायचं ठरवलं आणि सकाळीच हॉलच्या किचनमध्ये जाऊन पोचले. मदतीला मार्लेनी नावाची कोलंबियाची बाई आली होती, पन्नाशीची, ऑफिसं साफ करणारी. रविवारी वैजूताईच्या टेबलाजवळ रेंगाळणारी म्हणून मी तिला ओळखत होते. आता ती हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी. मी नारळ फोडतेय, खवतेय, पारी लाटतेय, घामाघूम झालेय, आणि ही महाराणी बघतेय! माझं डोकं फिरलं. मी तिच्यापुढे खवणी सरकवली आणि म्हणाले, "हात लाव की जरा."

तिने हात आणखीनच मागे घेतले. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "कापलं तर? रक्त आलं तर?"

मग तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता. नवरा कोलंबियात, काली शहरातल्या हॉस्पिटलमध्ये वाळत वाळत गेला. आजाराचं नाव घरात कुणी घेतलं नाही, गल्लीत सगळ्यांनी घेतलं. ती लंडनला आली, पण तपासायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. उन्हाळ्यात मुलीला मुलगी झाली. मुलगी रोज म्हणते, घे ना गं तिला. ही दारातूनच बघते. हात लावल्याने, पापा घेतल्याने काही होत नाही हे वैजूताईने पन्नासदा सांगितलं होतं. डोक्याला पटायचं, हातांना पटायचं नाही.

"आणि टेस्ट?" मी विचारलं.

"माहीत नाही तोपर्यंत मी जिवंत आहे," ती म्हणाली.

 वाईट वाटलं की मी रागावते. "ह्याला जिवंत म्हणतात होय?" मी म्हणाले. "नातीला दारातून बघायचं म्हणजे जिवंत? करंज्या मी करते. तू आज आत जा." तिने मान हलवली, पण हो म्हणाली की नाही ते मला कळलं नाही.

दुपारी हॉल भरला. पाटावर हत्ती काढला. एलिफंटवाल्यांना हत्तीचं काय नवल, त्यांच्या शॉपिंग सेंटरबाहेर अख्खा उभाय! पण फेर धरला आणि बाई बाई बाई, आमचा तो मंद गोल त्यांच्या कमरांना कुठला मानवायला! दुसऱ्याच गाण्याला फेराची वेगळीच गत झाली. मी आधी ओरडून शिस्त लावायला गेले, मग पदर खोचला आणि त्यांच्यासारखीच नाचले. कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते.

मग एकेक आत. ग्लॅडिस दारासमोरच खुर्ची टाकून बसली होती, पण करते काय? जी ती आत जात होती, प्रत्येकीला वेळ लागत होता, आणि जी ती बाहेर येऊन एकच ओरडत होती: "एम्पनाडा!" म्हणजे त्यांच्याकडची तिखटामिठाच्या सारणाची करंजी. चूक, मी म्हणायचे. त्या चिडायच्या. न राहवून ग्लॅडिस स्वतः आत गेली, बराच वेळ राहिली आणि बाहेर येऊन तिनेही छातीठोकपणे एम्पनाडाच सांगितलं. डबा उघडला तर काय कल्ला झाला! ही एम्पनाडाच आहे, आम्हाला फसवलं! मी म्हणतेय करंजी, त्या म्हणताहेत गोड एम्पनाडा. एकीकडे भांडत होत्या, दुसरीकडे डबा रिकामा करत होत्या.

डबा उघडायच्या आधी सगळ्यात शेवटी मार्लेनी आत गेली होती. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. बघायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्यांदा गेली ती लवकर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. करंजी न घेताच घरी गेली. वैजूताईला मी काही विचारलं नाही, तिने सांगितलंही नसतं. परतताना ट्रेनमध्ये ती कुणाशीच बोलली नाही.

टोचून शंका आली तर पक्क्या तपासणीसाठी रक्त लॅबला जातं, तिथून उत्तर यायला आठवडा लागतो, एवढं मला ठाऊक होतं. तो आठवडा मी देवापुढे बसून काढला म्हटलं तरी चालेल. कोजागिरी उलटली तरी बायकांना पुन्हा भोंडला हवाच होता, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा हत्ती मांडला.

फेर सुरू होणार इतक्यात मार्लेनी आली. कडेवर नात. नातीचे गाल लिपस्टिकने लालेलाल. मला वाटलं, सुटली बिचारी, निघालं नाही काही. मी हात जोडले.

ती हत्तीशेजारी येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. वैजूताई माझ्या कानात मराठीत सांगत होती. "म्हणते, मला आहे. एचआयव्ही आहे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेतल्यास तर म्हातारी होशील, खडूस होशील, हिच्या लग्नात नाचशील. म्हणते, इतकी वर्षं मी आजाराने नाही, न विचारल्याने मरत होते."

 बाळ कडेवर हुंकारत होतं. सगळ्यांच्या नजरा ग्लॅडिसकडे वळल्या. त्या वस्तीत कुणाबद्दल काय बोलायचं ते तीच ठरवायची.

ग्लॅडिस उठली. मार्लेनीजवळ गेली आणि तिच्या गालाचा असा मोठ्ठा, आवाज करून पापा घेतला की बाळ दचकलं. मग वैजूताईकडे वळून म्हणाली, "मागच्या रविवारी मी आत नुसतीच बसले होते. आज टोच मला. आणि दार उघडंच राहू दे."

ती आत जाऊन दारासमोरच्या खुर्चीत बसली आणि बोट पुढे केलं. तिच्यामागे रांग लागली. कुणीतरी गाणं सुरू केलं, वैजूताई रडत रडत हातमोजे शोधत होती. तेवढ्यात ग्लॅडिसने आतूनच मला हाक मारली, "आणि तू? तुझी झालीय का कधी?"

माझी? मला कधी मनातही आलं नव्हतं. मी हातातला डबा मार्लेनीला दिला, नातीला माझ्या कडेवर घेतलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले.