अक्काचं पान

आमच्या गावच्या शाळेत दिपोटी यायचे, त्याच्या आदल्या दिवशी मुलींचे केस धुतले जायचे. शाळा तपासायला येणाऱ्या सरकारी साहेबांना आमच्याकडं सगळे दिपोटीच म्हणत. ते येणार अशी खबर पारोळ्याहून आली, की गुरुजी शेताशेतातून मुली गोळा करत फिरायचे. मुलींची नावं पटावर होतीच. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला होता, मग नावं कशी नसतील? फक्त मुली तेवढ्या कपाशीत असायच्या. बोंडं फुटली, की सालदाराच्या घरातलं चालतंबोलतं माणूस वेचणीला लागतं, आणि वेचणी नसली तर निंदणी असते.

माझे वडील, आबा, सालदार होते, सालभरासाठी ठेवलेले गडी. ज्यांच्याकडं ते वर्षानुवर्षं राबले, ते मालकच शाळा कमिटीचे अध्यक्ष. मालकांची स्वतःची मुलं धुळ्याला इंग्रजी शाळेत होती. गावची शाळा मोठी दिसावी ही मात्र त्यांना फार हौस, कारण पट भरलेला दिसला तरच दुसरा मास्तर टिकायचा, आणि दुसरा मास्तर आपण आणला असं निवडणुकीत सांगता यायचं. स्वराज्य नुकतंच आलं होतं. आमच्या वाट्याच्या स्वराज्यात त्या दिवसापुरता एक परकर यायचा. गुरुजींच्या बायकोकडून मिळालेला, संध्याकाळी घडी घालून परत करायचा.

माझी मोठी बहीण, अक्का, तेव्हा दहाएक वर्षांची असेल. तिचा आवाज खणखणीत होता आणि एकदा ऐकलेलं ती विसरायची नाही. गुरुजींनी हे हेरलं. दिपोटींसमोर एका तरी मुलीनं उभं राहून वाचून दाखवायला हवं, म्हणून त्यांनी चार संध्याकाळी ओट्यावर बसवून अक्काला एक पान शिकवलं. अक्षरं शिकवायला वेळ नव्हता, म्हणून पानच शिकवलं. ओळ कुठं संपते, तिथं श्वास घ्यायचा, बोट खाली आणायचं, पुन्हा डावीकडून सुरू करायचं. अक्कानं ते असं उचललं की बोट आणि आवाज कधी मागंपुढं झाले नाहीत.

ते पान मला अजून पाठ आहे, कारण अक्का ते घरी म्हणायची, चूल फुंकताना, शेळी बांधताना. एका गावात एक विहीर होती. विहिरीचे पाणी गोड होते. पण ती विहीर एकाच माणसाची होती. एके दिवशी गावात एक पाहुणा आला. त्याला फार तहान लागली होती. तो विहिरीजवळ गेला आणि. एवढ्यावर पान संपायचं. अक्का त्या ‘आणि’वर थांबायची, पुस्तक मिटल्यासारखे दोन्ही हात मिटायची. मला वाटायचं, गोष्ट इथंच संपते.

दिपोटी आले. मालकांच्या घरी खापरावर मांडे चढले होते, त्यांचा वास शाळेपर्यंत येत होता. अक्का उभी राहिली, पुस्तक हातावर घेतलं, बोट ठेवलं आणि वाचलं. साहेबांनी पान उलटायला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, यावर मी आयुष्यभर चिडत आले आहे. त्यांना कळलं नसेल, की कळून घ्यायचं नसेल? ते खूश झाले एवढं खरं. सालदाराची मुलगी असं वाचते, असं म्हणत त्यांनी आबांना शेतातून बोलावून घेतलं. धुळ्याला त्यांच्या ओळखीच्या एक बाई गरीब मुलींचं वसतिगृह चालवत होत्या. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, एक जागा रिकामी होती. या पोरीला घेऊन जा, म्हणाले. गुरुजी खाली बघत होते. मालक हसत होते, आणि साहेबांसमोर त्यांनी आबांना एका दिवसाची सुटीही देऊन टाकली.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, नाहीतर आम्ही लबाड होतो असं कुणाला वाटेल. आमच्या घरात कुणालाही अक्षर येत नव्हतं. पुस्तक समोर धरायचं, बोट फिरवायचं आणि तोंडानं शुद्ध बोलायचं, याला वाचणं म्हणतात, असं आम्ही समजत होतो. गुरुजीही तसंच करायचे, भटजीही तसंच करायचे. अक्का त्यांच्यासारखंच करत होती. तिला वाचता येतं याबद्दल आबांना शंका नव्हती, मायला नव्हती, आणि सगळ्यांत कमी शंका अक्काला स्वतःला होती. पुस्तक म्हणजे ते पान. दुसरं पुस्तक तिनं पाहिलंच कुठं होतं?

आम्ही एस.टी.नं धुळ्याला गेलो. मी हट्ट करून सोबत निघाले होते. मायनं अक्काच्या वेणीला तेल इतकं लावलं होतं, की तिच्या पाठीवर डाग पडला. गाडीत अक्का माझ्या कानात पान म्हणत होती. विसरलं तर काय, म्हणून नव्हे. आनंदानं म्हणत होती.

वसतिगृह म्हणजे आग्रा रोडपासून आत एक कौलारू घर होतं. बाई खादीचं पातळ नेसलेल्या, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला गूळ-पाणी दिलं, अक्काला जवळ बसवलं आणि कपाटातून एक पुस्तक काढून तिच्यापुढं उघडलं. त्या पानावर उंटाचं चित्र होतं. मला ते पक्कं आठवतं, कारण मी उंट पहिल्यांदा तिथं पाहिला.

अक्कानं पुस्तक सरळ केलं. बोट ठेवलं. श्वास घेतला. एका गावात एक विहीर होती, तिनं सुरू केलं.

आबा मागं उभे होते. त्यांनाही पान पाठ झालं होतं. प्रत्येक ओळीला त्यांची मान हलत होती, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाईंनी अक्काला मध्ये थांबवलं नाही. पाहुणा आला, त्याला तहान लागली, तो विहिरीजवळ गेला. मग अक्कानं हात मिटले आणि वर पाहिलं.

“बाळ,” बाई हळूच म्हणाल्या, “हे या पुस्तकात नाहीये.”

“शे,” अक्का म्हणाली. इथंच आहे हे दाखवायला तिनं पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, उंटाच्या पायाशी. “आठेच शे.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आबांना बाजूला नेऊन समजावलं. जागा एकच आहे, चौथी झालेल्या मुलीसाठी आहे, हिला तर मुळाक्षरांपासून बसवावं लागेल, संस्थेचे नियम माझ्या हातात नाहीत. त्या खोटं बोलत नव्हत्या. चांगल्या बाई होत्या. पण चांगल्या माणसांनी नाही म्हटलं, की रागवायलाही कुणी उरत नाही. आबा नुसते हो बाई, हो बाई म्हणत राहिले. फसवायला आलो असं बाईंना वाटू नये, एवढीच आबांना काळजी होती.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसली.  मग तिनं विचारलं, “आबा, बठ्ठा पुस्तकेसमा येगळं येगळं रास का?”

प्रत्येक पुस्तकात वेगळं असतं का, एवढंच तिला हवं होतं. आबांना त्याचंही उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. माझ्या बापाला रडताना मी पाहिलं ते तेवढंच.

घरी मायनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वेचणीला न जाता तिनं माझा दंड धरला आणि शाळेत नेऊन गुरुजींसमोर उभं केलं. माय कधी गुरुजींच्या ओट्याशीसुद्धा गेली नव्हती. “गुरुजी,” ती म्हणाली, “हिले पान शिकाडू नका. अक्षर शिकाडा.”

गुरुजींनी मान खाली घातली आणि मला पहिलीत बसवलं. त्यांनी मला खरंच नीट शिकवलं, ते त्यांचं देणं मी नाकारत नाही. अक्काला मात्र कुणी बसवलं नाही. ती पहिलीसाठी मोठी होती, आणि दोघी गेल्या असत्या तर कपाशीत कोण जाणार? एका घरातून एकच पोर सुटणार होतं. ते कोण, हे मायनं माझा दंड धरला तेव्हा ठरलं. अक्कानं यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. माझी पाटी तीच धुवायची.

पुढं दोनेक वर्षांनी ते पुस्तक आम्हाला लागलं. एके दिवशी विहिरीचा धडा आला. मी पहिलं पान न वाचताच उलटलं, मागचं पान वाचलं आणि शाळा सुटल्यावर थेट शेतात धावले. अक्का ओटीत कापूस भरून बांधावर उभी होती. मी धापा टाकत म्हटलं, अक्का, पुढं काय होतं ते मला माहीत आहे.

ती दचकली. मग हात वर करून तिनं मला थांबवलं.

“माले सांगू नको,” ती म्हणाली. “मी सोता वाचसू.”

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, नरडाण्याकडं. तिकडंही कपाशीच होती.

मी सातवीची फायनल पास झाले तेव्हा अक्का माहेरी आली होती. तिची पोर तीनेक वर्षांची, अंगाखांद्यावर खेळणारी. अक्का भाकरी थापत होती आणि पोरीला रमवायला पान म्हणत होती. तोच खणखणीत आवाज, ओळ संपली की तोच श्वास. तो विहिरीजवळ गेला आणि. अक्का थांबली. पोर थांबेना.

“मंग?” पोर म्हणाली. “मंग काय व्हयनं?”

अक्काचा हात भाकरीवर तसाच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं तिनं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

“सांग तिले,” ती म्हणाली.

मी पोरीला सांगितलं. विहिरीच्या मालकाने पाहुण्याला पाणी दिले. पाहुणा पाणी पिऊन निघून गेला. तहानलेल्याला पाणी द्यावे. धडा संपला.

अक्का चुलीकडं तोंड करून ऐकत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“इतलंच व्हतं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो अक्का, इतकंच होतं.